दुपारी रस्त्यावर कोण असतं

उस्मानपुऱ्यात सगीराचं आधी पिको-फॉलचं दुकान होतं. दुकान म्हणजे घराची रस्त्याकडची खोली. साड्या घेऊन आलेल्या बायका मशीन चालू असताना बोलत बसायच्या. कुणाच्या वरच्या मजल्यावरचे भाडेकरू जाणार आहेत, कुणाच्या जावयाला गारखेड्यात फ्लॅट हवाय, कुणाचे सासरे सिडकोतलं रो-हाऊस विकून मुलाकडं नाशिकला निघालेत. सगीरा ऐकायची आणि एकीचं दुसरीला सांगायची. अशी दोन-तीन घरं जमली, एका बाईनं मिठाईच्या डब्यासोबत पाकीट दिलं, तेव्हा हाही एक धंदा आहे हे तिच्या लक्षात आलं. पुढं मोईनची कंबर गेली. तिचा नवरा वाळूजच्या कंपन्यांना माल पोचवणारा टेम्पो चालवायचा. डॉक्टरांनी स्टिअरिंग सोडायला सांगितलं. मग दोघांनी कामं बदलून घेतली. मोईन मशीनवर बसला आणि सगीरा स्कूटीवर.

त्याला आता बरीच वर्षं झाली. पन्नाशी ओलांडल्यावर सगीराच्या टाचा दुखायला लागल्या. लिफ्ट अजून सुरू व्हायचीय अशा इमारतींचे जिने चढायचे, बंद घरांच्या खिडक्या उघडायच्या, नळाखाली बोट धरून दाखवायचं. गिऱ्हाईक कुठलंही असो, प्रश्न ठरलेले. नळ कितव्या दिवशी येतो? बोअर आहे का? शाळा किती लांब? आणि सगळं सांगून झालं की, "भाभी, तुम्हीच सांगा, कुठलं चांगलं?"

ती सांगायची. सिडकोत रस्ते रुंद आणि झाडं मोठी, पण घरं जुनी, ओल शोधावी लागते. गारखेड्यात सगळं हाताशी, फक्त गाडी लावायला जागा विचारू नका. बीड बायपासला इमारती नव्या, फाटक, पहारेकरी, लिफ्ट. रस्ता ओलांडायचा म्हटलं की जीव मुठीत. शहराच्या कडेला सातारा परिसरात डोंगर दिसतो, वारा येतो आणि दारात टँकर येतो. पडेगावकडं वाळूजला जाणाऱ्यांची सोय होते, बायका मात्र म्हणतात की बाजार लांब पडतो. हे सगळं ती इतक्यांदा बोलली होती की बोलताना मनात दुसरंच काही चालू असायचं, बहुतेक वेळा टाचा. लोकांना सगळ्या वस्त्यांचं चांगलं तेवढं एकाच घरात हवं असायचं. तसं घर तिनं कधी पाहिलं नव्हतं. ती स्वतः अजून भाड्याच्याच घरात होती.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर दगडाबाई तिच्याकडं आली. अजिंठ्याच्या अलीकडच्या एका गावची, साठीच्या पुढची बाई. अंगानं बारीक, बोलणं तुटक, हातात प्लास्टिकची पिशवी आणि पिशवीत पाण्याची बाटली. तिच्या भाचीच्या साड्या मोईनकडं यायच्या, त्या ओळखीनं ती आली होती. रस्त्यालगतचा शेताचा तुकडा विकला होता. मुलगा सत्यम चाकणला कंपनीत होता. आईवडिलांनी आता शहरात राहावं, दवाखाना जवळ असावा, शनिवारी-रविवारी आपल्यालाही येता यावं, असं त्याचं म्हणणं होतं.

"घरात कोण कोण राहणार, मावशी?" सगीरानं विचारलं.

"मी आन् मालक."

"मालकांना जिना चढता येतो का?"

"चालायला लई खंबीर हायेत," दगडाबाई म्हणाली, आणि तिनं पिशवीचं तोंड घट्ट धरलं.

पहिलं घर सिडकोतलं. बैठं रो-हाऊस, अंगणात कडुनिंब, मालक निवृत्त मास्तर. सगीराला वाटलं, एवढ्यातच काम होतंय. पण दगडाबाई स्वयंपाकघरात डोकावलीसुद्धा नाही. बाहेर येऊन फाटकाशेजारच्या ओट्यावर बसली आणि रस्त्याकडं बघत राहिली. दुपारचं ऊन होतं. सगळ्या घरांची दारं बंद, खिडक्यांतले कूलर घरघरत होते. रस्त्यावर एक कुत्रं तेवढं सावलीला पडलेलं.

"दुपारचं हितं कुनीच नसतं का?" तिनं विचारलं.

"शांत एरिया आहे मावशी. लोक यासाठीच तर मागतात."

दगडाबाई उठली. "नको."

बायपासच्या फ्लॅटला तर सत्यमनंच पसंती कळवली होती. त्यानं मोबाईलवर फोटो पाहिले होते, बाग पाहिली होती, ज्येष्ठ नागरिकांसाठी केलेला कट्टा पाहिला होता. सगीरानं दगडाबाईला तिथं नेलं. तिनं बाग पाहिली नाही. ती फाटकाजवळच्या पहारेकऱ्याशी बोलत उभी राहिली. गाव कुठलं, लेकरं किती, जेवण कुठं करतोस. मग विचारलं, "किती दिस झाले रं हितं?"

"आलो मागच्याच महिन्यात, आजी. एजन्सी बदलत राहते आम्हाला."

"म्हंजी पुढच्या साली तू नसनार."

"काय सांगता येत नाही."

वरचा फ्लॅट न बघताच ती म्हणाली, "चला, भाभी."

सातारा परिसरातल्या घराच्या गच्चीवरून दूरवरचा हायवे दिसत होता. दगडाबाईनं तो पाहिला आणि सरळ जिना उतरायला लागली. टँकरबद्दल सांगायची वेळच सगीरावर आली नाही.

मग एक सोसायटी होती. तिचं नाव इथं घेण्यात अर्थ नाही. तिथला सेक्रेटरी किल्ली घेऊन आला. आधी नाव विचारलं त्यानं. सगीरानं सांगितलं. त्याचा किल्ली धरलेला हात थांबला. "घर कुणासाठी बघताय?"

"या मावशींसाठी. मी दाखवणारी."

"अच्छा, अच्छा." त्यानं कुलूप उघडलं, पंखाही लावून दिला.

दहा वर्षांपूर्वी याच आवारात सगीरा आणि मोईन स्वतःसाठी घर बघायला आले होते. तेव्हा किल्ली सापडली नव्हती. तिनं हे दगडाबाईला सांगितलं नाही, त्या माणसालाही आठवण करून दिली नाही. हॉलच्या खिडकीतून कुठून ऊन येतं आणि कुठून वारा, ते नेहमीच्या आवाजात सांगत राहिली. परत निघताना दगडाबाई मागच्या सीटवरून म्हणाली, "त्यानं तुमाला असं काहून इचारलं?"

"विचारतात मावशी. रोजचं आहे."

"तुमाला राग नाय येत?"

"यायचा. आता रागवायलाही कंटाळा येतो."

दर आठवड्याला दगडाबाई एस.टी.नं यायची आणि संध्याकाळच्या आत परतायची. सगीरा तिला मध्यवर्ती बसस्थानकावरून घ्यायची आणि तिथंच सोडायची. बाकीची गिऱ्हाईकं निसटत होती. मोईन मशीनवरून मान वर न करता म्हणाला, "छोड दो अब इनको. घर लेना नै उनकू. फिरना है खाली."

सगीरालाही तसंच वाटायला लागलं होतं. पण ती बाई फिरायला आल्यासारखी दिसत नव्हती. प्रत्येक वस्तीत पोचली की घराआधी रस्ता बघायची, कोपऱ्यावरचं दुकान बघायची, आणि दर वेळी जास्त थकून परत जायची.

एकदा मात्र सगीराचा तोल गेला. औरंगपुऱ्यात दोघी उसाचा रस प्यायला थांबल्या होत्या. सकाळपासून दोन घरं पाहून झाली होती, दोन्ही नको.

"मावशी, तुम्हाला काय पाहिजे ते मला सांगाल का? पाणी विचारत नाही तुम्ही. किचन बघत नाही. मी काय दाखवू तुम्हाला?"

दगडाबाईनं ग्लास खाली ठेवला.  मग म्हणाली, "पुढच्या खेपंला मालकाला आनते. मंग सांगते."

दगडाबाईचा नवरा फकिरा उंच माणूस होता. पांढरा पायजमा, सदरा, टोपी, दाढी केलेली. बसमधून उतरल्यावर त्यानं सगीराला हात जोडले आणि बसस्थानकासमोरच्या रस्त्याकडं बघत म्हणाला, "कड खचली इथली. मुरूम टाकायला पाहिजे."

"हे बांधकाम खात्यात मैलकामगार होते," दगडाबाई म्हणाली. "आमच्याकडचा अजिंठ्याचा रस्ता जल्मभर ह्यांनीच सांभाळला. खड्डे बुजवायचे, कडंचं गवत काढायचं."

त्या दिवशी ऑटो करावा लागला. गारखेड्यातल्या एका फ्लॅटची किल्ली मालकीणबाईकडं होती, तिकडं निघाले. वाटेत फकिरानं सगीराला विचारलं, तुमचं गाव कोणतं. तिनं सांगितलं, इथलीच. थोड्या वेळानं त्यानं पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा सगीरानं दगडाबाईकडं पाहिलं. दगडाबाई रस्त्याकडं बघत होती.

फ्लॅट तळमजल्यावर होता. मालकीणबाई बोलकी निघाली; टाकी कधी धुतली, वरचे लोक कसे आहेत, सगळं सांगत बसली. दगडाबाईनं पहिल्यांदाच एका घरात जरा लक्ष घातलं, मागच्या दाराची कडी लावून बघितली. त्या तिघी मागच्या बाजूला असतानाच फकिरा पुढच्या दारानं निघून गेला.

बाहेर आल्यावर चपला दिसल्या नाहीत, तेव्हा दगडाबाई मटकन पायरीवर बसली. आरडाओरडा केला नाही. एवढंच म्हणाली, "गेले."

"कुठं गेले असतील? चहाला?"

"भाभी, त्यांना कुठं जायाचं ते ठावं नसतं. ते नुसते चालतेत. दोन सालं झाली. नाव सांगतेत, गाव सांगतेत, पन घर कुठलं ते सांगता येत नाय."

सगीराला सगळे रिकामे रस्ते एकदम आठवले. सिडकोतला ओटा, बायपासचा पहारेकरी. "मला आधी का नाही सांगितलं?"

"सिल्लोडला भाड्यानं घर पाहात होतो. सांगितलं खरं काय ते. म्हातारं येडं हाय म्हून नको म्हन्ले. मंग सांगायचं सोडलं."

बसून राहायला वेळ नव्हता. शेजारच्या मेडिकलवाल्याला विचारलं. तो म्हणाला, लक्ष नव्हतं. हार्डवेअरच्या दुकानात विचारलं, लक्ष नव्हतं. ज्यूस सेंटरवर पोरं मोबाईल बघत बसली होती. कुणाचा दोष नव्हता. रस्त्यावरून पांढऱ्या कपड्यातला म्हातारा जाणं ही काही लक्षात ठेवायची गोष्ट नव्हे. सगीरानं ओळखीच्या एका ऑटोवाल्याला फोन केला, स्कूटी घरी राहिल्याबद्दल स्वतःला दूषणं दिली.

"मावशी, आठवा. रस्त्यानं कसे चालतात ते? काही सवय?"

"डावी कड सोडत नायत. मोठा रस्ता सोडून गल्लीत जात नायत. खड्डा दिसला तर थांबतेत."

मग ऑटो हळूहळू त्या रस्त्याच्या डाव्या कडेनं निघाला. ऊन डोक्यावर होतं. दगडाबाई एका बाजूनं बघत होती, सगीरा दुसऱ्या बाजूनं. दर्ग्याचा चौक आला, तिथं फूलवाल्यांना विचारलं. एकजण म्हणाला, टोपीवाले बाबा ना, पुढं गेले, दगड गोळा करत होते. दगडाबाईनं सगीराचा हात धरला तो सोडलाच नाही.

उस्मानपुऱ्याच्या अलीकडं मोठ्या रस्त्याला एक अरुंद गल्ली मिळते. तिच्या तोंडावर पाण्याच्या पाईपसाठी कधीतरी खणलेला आणि नीट न बुजवलेला खड्डा होता. फकिरा तिथं उकिडवा बसून विटांचे तुकडे खड्ड्यात रचत होता. मोठे खाली, बारीक वर. त्याच्या बाजूला कुणीतरी एक मोडकी खुर्ची आडवी टाकून ठेवली होती, गाड्या अंगावर येऊ नयेत म्हणून. एका बाईनं घमेलं आणून दिलं होतं. आणि कूलर दुरुस्तीच्या दुकानातला माणूस, नोमान त्याचं नाव, हातातलं काम टाकून त्याच्याजवळ पाण्याचा तांब्या घेऊन उभा होता.

"तुमचे आहेत का?" नोमाननं विचारलं. "मी म्हटलं बाबा उन्हात बसू नका, दुकानात बसा. तर म्हणाले, साहेब येणार आहेत, खड्डा बुजवल्याशिवाय हलता येत नाही. मी म्हटलं बरं, बुजवा. जाऊ दिलं नाही फक्त."

"नाव इचारलं?" दगडाबाई म्हणाली.

"नाव, गाव, सगळं. फोन नंबर काही सांगता येईना. या समोरच्या ताई म्हणाल्या, कुणीतरी शोधत येईल, तोवर सोडू नका."

फकिरानं वर पाहिलं, बायकोला ओळखलं आणि म्हणाला, "झालंच. वरून मुरूम राहिला."

दगडाबाई दुकानाच्या पायरीवर बसली. रडली नाही. नोमाननं दिलेलं पाणी प्यायली, तोंडाला पदर लावला आणि गल्ली न्याहाळायला लागली. सायकलचं दुकान, पिठाची गिरणी, दारात लसूण सोलत बसलेल्या बायका, टेकून बसलेले दोन म्हातारे. भर दुपारी सगळे बाहेर.

"भाभी, हितं घर मिळंल का?"

सगीरा इतकी थकली होती की आधी तिला हसूच आलं. "मावशी, ही गल्ली मी कुणालाच दाखवत नाही. घरं एकमेकांना चिकटलेली. कागदपत्रं अर्ध्या घरांची नीट नाहीत. पाणी आलं तरी प्रेशर नाही. तुमच्या सत्यमला गाडी लावायला जागा नाही."

"त्यांना थांबवलं की नाय?"

"थांबवलं."

"मंग."

ऑटोतून परतताना सगीरानं न राहवून विचारलं की गावातच का नाही राहत, तिथं तर सगळे ओळखतात. दगडाबाई फकिराच्या हातावरची विटांची धूळ पदरानं पुसत होती.

"वळखतेत ना. पन रस्ता रुंद झाला, भाभी. ह्यांची कड जिथं व्हती, तिथून आता गाड्या जातेत. हे जुन्या कडंनंच चालतेत. म्हंजी मधोमध. ट्रकवाले लांबून हॉर्न वाजवतेत, ह्यांना वाटतं सलाम करतेत."

सत्यम पुढच्या रविवारी आला. तिशीचा, डोळ्यांखाली काळं आलेला, रात्रपाळी करून थेट गाडी चालवत पोचलेला. त्यानं गल्ली पाहिली, तिचं तोंड पाहिलं, वरून लोंबणाऱ्या वायरी पाहिल्या. सगीराला बाजूला घेऊन म्हणाला, "मॅडम, वाईट वाटून घेऊ नका. आईला समजत नाही. उद्या मला बदली मिळाली, विकायची वेळ आली तर कोण घेईल? आणि आमचे पाहुणे येणार-जाणार. वस्ती जरा..." तिथं तो अडखळला.

"मिक्स आहे," सगीरा म्हणाली.

"तसं नाही म्हणायचं मला."

"म्हणा की. मी रोज ऐकते." तिच्या आवाजात टोचणं नव्हतं, म्हणून त्याला जास्तच अवघडल्यासारखं झालं. "तुमचं चुकत नाही, भाऊ. विकायच्या दृष्टीनं मी पण हे घ्या म्हणणार नाही. एकदा वडिलांना घेऊन बायपासला जाऊ. तिथं फाटक आहे, कॅमेरे आहेत. तुम्हीच बघा."

ते सगळे गेले. फकिराला बाग आवडली. तो कुंपणाच्या भिंतीला लागून चालायला लागला, एक फेरी, मग आणखी एक. सत्यम समाधानानं म्हणाला, "बघ आई, किती सेफ आहे."  ऊन उतरेपर्यंत फकिरा चालत होता. प्रत्येक फेरीत फाटकाजवळ थोडा थांबायचा. शेवटी तो तिथंच उभा राहिला. दोन्ही हातांनी गज धरले आणि पहारेकऱ्याला अगदी नम्र आवाजात म्हणाला, "साहेब, हजेरी झाली. काम बी झालं. आता घरी जाऊ द्या."

पहारेकऱ्यानं सत्यमकडं पाहिलं.

"बाबा, आपण इथंच राहणार आहोत," सत्यम म्हणाला.

"व्हय. पन मला सुट्टी झाली ना." त्याला मुलगा ओळखू येत नव्हता की येत होता, कळलं नाही. "पोरगं वाट पाहत असंल. माझ्याबिगर जेवत नाय ते."

सत्यम पाठ फिरवून गाडीकडं गेला. गाडीत बसून त्यानं दार लावलं नाही, पाय बाहेरच राहिले. सगीरा त्याच्याजवळ गेली नाही. दगडाबाईही गेली नाही. थोड्या वेळानं तो परत आला, वडिलांचे हात गजांवरून सोडवले आणि म्हणाला, "चला. सुट्टी झाली."

गल्लीत विकाऊ घर नव्हतंच. सगीरानं दारोदार विचारलं. शेवटी पिठाच्या गिरणीसमोर साहेबराव नावाच्या एका एकट्या गृहस्थानं तळमजल्याच्या दोन खोल्या भाड्यानं द्यायचं कबूल केलं. या वेळी दगडाबाईनंच त्याला आधी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "माझी आई अशीच गेली. मला माहितीये काय असतं ते. नळाखाली बादली लावून विसरले तर बंद मी करीन." शेताच्या तुकड्याच्या पैशाचं काय करायचं ते नंतर बघू, एक वर्ष असं राहून पाहू, असं सत्यम म्हणाला. सगळा उन्हाळा फिरून हाती आलं ते एक भाडेपट्ट्याचं काम.  त्या संध्याकाळी मोईननं चहा करून तिच्या टाचांखाली उशी ठेवली.

त्यानंतरचं सगळं गोड झालं असं नाही. फकिरा रोज सकाळी निघायचा, डाव्या कडेनं गल्लीच्या तोंडापर्यंत जायचा, आणि तिथून कुणी ना कुणी त्याला वळवून आणायचं. बहुतेकदा नोमान. "बाबा, साहेब मागच्या बाजूला आलेत," असं म्हटलं की तो वळायचा. पण दोनदा तो सगळ्यांची नजर चुकवून गेला. एकदा क्रांती चौकाच्या पलीकडं सापडला, अनवाणी. एकदा मोटरसायकल पायावरून गेली आणि घोट्याला प्लास्टर लागलं. सायकलवाल्याच्या दारात रोज विटांचा ढीग व्हायला लागला तेव्हा त्यानं कटकट केली, नंतर बायकोच्या सांगण्यावरून गप्प बसला. लोकही माणसंच होती. सणासुदीला, लग्नसराईत, आजारपणात त्यांचं लक्ष नसायचं. तेव्हा सगळं दगडाबाईवर यायचं.

सगीराचं त्या बाजूनं जाणं होई. कधी ती आत डोकावायची. एकदा दुपारी गेली तर दगडाबाई दाराच्या चौकटीला डोकं टेकून बसल्या बसल्या झोपली होती. हातात निवडायला घेतलेली मेथी. फकिरा चपला शोधत होता. सगीरानं तिला उठवलं नाही. आपली पर्स खुंटीला अडकवली, फकिराच्या चपला खाटेखालून काढून दिल्या आणि त्याच्याबरोबर बाहेर पडली. गल्लीच्या तोंडापर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले. त्यानं तिला गाव विचारलं. ती म्हणाली, इथलीच. तिचा फोन वाजत होता. पडेगावला एक जोडपं तिची वाट बघत उभं होतं. तिनं फोन बंद केला आणि चालत राहिली, टाच जमिनीला लागणार नाही अशी, जरा लंगडत.

दिवाळीला सत्यम आला तेव्हा त्यानं पुन्हा विषय काढला. या वेळी आवाजात हट्ट नव्हता. तो म्हणाला, आई, तू किती उतरलीस बघ. एखादा माणूस ठेवू. चांगलं घर घेऊ. तुला काय आवडेल ते तरी सांग.

सगीरा फराळाचा डबा द्यायला आलेली होती, दारातच थांबली.

दगडाबाई फकिराला चिवडा भरवत होती. एक घास त्याच्या तोंडात दिला, सांडलेलं उचललं. "मला काय आवडायचं, बाबा," ती म्हणाली. "हे हायेत तवर हितंच ऱ्हाऊ. मंग मला कुठंबी ने. बायपासला ने, सिडकोत ने. मला कुठलंबी घर चालंल."

 फकिरा चिवड्यातला शेंगदाणा दगडासारखा बोटांत धरून खाली ठेवायला जागा शोधत होता. सगीरानं डबा ओट्यावर ठेवला, "येते मावशी," म्हणाली आणि स्कूटीकडं गेली. तिला अजून हर्सूलच्या बाजूचं एक घर दाखवायचं होतं, आणि ते तिसऱ्या मजल्यावर होतं.